गावातल्या घरात एसी घेताना: टन, स्टार, लाईन अन् कुटार

२०२५ च्या सप्टेंबरात, २२ तारखेपासून, एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, अन् त्याच दिवाळीत सोयाबीनचा पैसा हाती आल्यावर विदर्भातल्या आमच्या गावात दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी विचारायला येऊ लागलं की भाऊ, एसी घ्यावा म्हणतो, कोणता घेऊ. मी काही मेकॅनिक नाही. पण माझ्या घरी सहा वर्षांपासून स्प्लिट एसी आहे, अन् त्यात करता येतील तेवढ्या चुका मी करून झाल्या आहेत, त्यामुळे लोकांना वाटते याला माहीत असेल.

पहिला एसी आणला तेव्हा आमच्या बाबांनी खोक्यावर वाचून विचारलं होतं, "हे एक टन म्हनजे किती क्विंटल रे? भिंत धरन का याले?" तेव्हा हसलो होतो. पण टन म्हणजे काय हे मलाही तेव्हा धड सांगता आलं नव्हतं, दुकानदारालाही नाही. तर सुरुवातीपासून सांगतो.

एसी म्हणजे मोटरपंप, फक्त पाण्याचा नाही

विहिरीवरची मोटर पाणी तयार करते का? नाही. खालचं पाणी वर फेकते, बस. एसीपण थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उपसून बाहेर फेकतो. स्प्लिट म्हणजे दोन तुकडे, आत भिंतीवरचा इनडोअर अन् बाहेरचा आउटडोअर, मध्ये तांब्याचे दोन पाईप. त्या पाईपात जो गॅस फिरतो (आजकाल बहुतेक आर-३२) तो आतल्या जाळीत उकळून वाफ होतो अन् तसं होताना खोलीची उष्णता पिऊन घेतो, हातावर स्पिरिट टाकलं की गार लागते ना, तसंच. मग बाहेरचा कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबलं की गरम होते, सायकलच्या पंपाचं बूड हवा भरताना कसं चटका देते ते आठवा. ती गरम झालेली वाफ बाहेरच्या जाळीतून जाते, पंखा तिच्यावर हवा मारतो, उष्णता अंगणात, गॅस पुन्हा पातळ होऊन आत.

आता शेतकऱ्याला मोटर घेताना पहिला प्रश्न काय असतो? हेड किती. म्हणजे पाणी किती फूट वर चढवायचं. तीच मोटर ५० फुटावरून जेवढं पाणी देते तेवढं १५० फुटावरून देत नाही. एसीचंही हेड असते, आतल्या अन् बाहेरच्या तापमानातला फरक. बाहेर ३५ अन् आत २६ म्हणजे ९ चं हेड. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४६, आत २६, म्हणजे २० चं. मशीन तेच, पण उपसा कमी अन् वीज जास्त. हे हेड डोक्यात ठेवा, बाकीचं सगळं, टन, स्टार, बिल, आउटडोअर कुठं लावायचा, यातूनच निघते.

कूलर असताना एसी कायले?

हा प्रश्न बरोबर आहे अन् पुष्कळ घरांत याचं उत्तर "नका घेऊ" असंच आहे. कूलर चालतो माठासारखा. पाणी उडताना हवेची उष्णता घेऊन जाते, अन् नवतपात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ४४ ची हवा वाळ्याच्या ताट्यातून तिशीच्या आसपास येऊन अंगावर पडते, तीही दोन-तीन पंख्यांएवढ्या विजेत. एसीला ते जमत नाही. पण मृगाचे दोन पाऊस झाले की हवेतच ओल येते, मग पाणी उडणार कुठं? कूलर नुसता चिकट वारा फेकतो. खरा त्रास जून-जुलैतल्या उघाडीत अन् ऑक्टोबरात असतो, तिथं एसी कामाचा, कारण तो हवेतलं पाणी काढून नळीतून बाहेर सोडतो. दुसरं, ज्या गावात नळ चौथ्या दिवशी येतो तिथं कूलरच्या टाकीत रोज घागरी ओतायच्या कुठून, हा घरातल्या बाईला विचारायचा प्रश्न आहे, माणसाला नाही.

आमच्याकडे दोन्ही आहेत. मेमध्ये हॉलमध्ये कूलर, रात्री एका खोलीत एसी. फक्त एकाच खोलीत दोन्ही एकदम लावू नका, कूलर ओल भरतो अन् एसी ती काढत बसतो, विहिरीत पाणी सोडून मोटर लावल्यासारखं.

टन म्हणजे वजन नाही

जुन्या काळी बर्फानं थंड करायचे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढते तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता. म्हणजे मोटरीचा एचपी म्हणा.

अंदाज असा की १२० चौरस फुटापर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड. पण हा अंदाज शहरातल्या मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटचा आहे, जिथं वर कोणाचं तरी घर असते. आपल्या घरावर थेट सूर्य असतो. माझी खोली ११ बाय १४, म्हणजे १५४ चौरस फूट, वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत मोकळी. दुकानदार म्हणाला एक टन पुष्कळ होते. मी पैसे वाचले म्हणून खूश. मेच्या दुपारी खोली ३१ च्या खाली गेली नाही, अन् संध्याकाळी सात वाजता छताला हात लावला तर तव्यासारखा.

यात आणखी एक गोम आहे जी कोणी सांगत नाही. खोक्यावरची ताकद मोजतात बाहेर ३५ अंश असताना. ३५ तर आपल्याकडे होळीच्या आसपासच होऊन जाते. ४६ ला त्याच मशीनची ताकद बरीच घटते, हेड वाढलं ना. म्हणून कॅटलॉगमध्ये ४६ किंवा ४८ अंशाला किती वॅट थंड करते हे लिहिलं असेल तर ते पहा, अन् नसेल लिहिलं तर एक पायरी वरचा घ्या. "५२ अंशातही चालतो" अशी जाहिरात असते, त्याचा अर्थ बंद पडत नाही एवढाच, पूर्ण थंड करतो असा नाही.

पण थांबा, त्याआधी छत. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारा, खर्च हजार-दोन हजाराचा. टिनाच्या खोलीत तर खाली फॉल्स सीलिंग केल्याशिवाय एसी लावूच नका. अन् कवेलूच्या घरात, माझ्या मते, पैसे वाया. कवेलूतून हवा जाते, ती जायलाच पाहिजे, म्हणून तर ते घर मुळात गार असते.

स्टार, अन् त्या स्टारमधली गंमत

स्टार देते बीईई, म्हणजे ऊर्जा बचतीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था. लेबलवर तारे दिसतात पण खरा आकडा खाली बारीक असतो, आयएसईईआर. सोपं म्हणजे गाडीचं ॲव्हरेज. एक युनिट विजेत किती युनिट उष्णता उपसली. २०१८ पासून ४.५ च्या वर असलं की पाच स्टार मिळायचे, जुलै २०२२ पासून त्यासाठी ५ लागायला लागले, अन् जानेवारी २०२६ पासून निकष पुन्हा कडक झाले. म्हणजे जुन्या सालाचा पाच स्टार आजच्या हिशोबात चारच निघू शकतो, पोरगा तोच, पेपर कठीण झाला. दुकानात सेलमध्ये "पाच स्टार स्वस्तात" दिसला तर लेबलवरचं साल वाचा अन् तारे सोडून आकडा धरा.

लेबलवर वर्षाचे युनिटही असतात, ते १६०० तासांचे. माझ्या नंतर घेतलेल्या दीड टनाच्या एसीच्या लेबलवर ७८० च्या आसपास आहेत, म्हणजे तासाला अर्धा युनिट. मी तेच धरून हिशोब केला होता. मेमध्ये मीटरसमोर उभा राहून पाहिलं तर रात्री दहा ते सहामध्ये सहा-सात युनिट. लेबल खोटं नाही, त्या हिशोबात २४ पासून ४३ अंशापर्यंतचे वेगवेगळे दिवस धरलेले असतात, अन् आपला मे महिना त्याच्या वरच्या टोकाला, कधी टोकाच्याही बाहेर.

महिन्याचे दोनशे युनिट म्हटलं तर ज्या घराचं बिल १०० युनिटच्या आत होतं ते सरळ ३०० पर्यंत जाते. बिलातल्या दराच्या टप्प्यांची, म्हणजे स्लॅबची, भीती मात्र लोक जरा जास्तच घेतात. १०० च्या वर गेलं की सगळेच युनिट महाग होतात असं नाही, वरचे तेवढेच वरच्या दरानं लागतात.

तीन स्टार की पाच? वर्षात दोन-तीन महिनेच चालवणार असाल तर तीन स्टार घ्या, वाचलेल्या पैशात स्टॅबिलायझर अन् चांगली वायर येते. इन्व्हर्टर टाईप मात्र घ्याच. (हा इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवाला नव्हे, लाईन गेल्यावर चालत नाही, याच्यावरून आमच्या गावात एका घरी दुकानदाराशी भांडण झालेलं आहे.) साधा एसी म्हणजे मोटर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. इन्व्हर्टरवाला ट्रॅक्टरच्या ॲक्सिलरेटरसारखा, लागेल तेवढाच रेटतो, अन् चालू होताना झटकाही मारत नाही, जो आपल्या लटक्या व्होल्टेजला सोसत नाही.

१६ वर ठेवला तर लवकर थंड होते ना?

नाही. टाकी भरायची आहे अन् तुम्ही आउटलेट आणखी वर नेऊन ठेवता, त्यानं पाणी जोरात येईल का? मशीन २४ लाही सुरुवातीला पूर्ण जोर लावते अन् १६ लाही तेवढाच. फरक इतकाच की १६ वर ते कधी थांबतच नाही, कारण मेमध्ये १६ होणारच नाही. बीईईचा हिशोब आहे की एक अंश वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, अन् २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वरच येतो तो यासाठीच. २०२५ मध्ये सरकारनं २० ते २८ मध्येच सेट करता येईल असा नियम आणायचं बोललं तेव्हा पानठेल्यावर मोठी चर्चा झाली होती की आता एसीही सरकार सांगेल तसा. मी २६ अन् वरून पंखा दोनवर ठेवतो. पहाटे बायको पंखा बंद करते, मी एसी बंद करतो, अन् कोणाचं पहिले होते ते पाहायचं.

हिवाळ्यातला गरम एसी घ्यावा का?

हॉट अँड कोल्ड म्हणून मिळतो. त्यात एक व्हॉल्व्ह असतो जो गॅसची दिशा उलटवतो, मग बाहेरच्या थंड हवेतून उष्णता उपसून आत टाकतो. लोकांना पटत नाही की १० अंशाच्या हवेत उष्णता कुठून आली. असते. पन्नास फुटावर पाणी असते तसं, वर आणावं लागते. अन् गंमत म्हणजे कॉईलचा हीटर एक युनिट जाळून एकच युनिट उष्णता देतो, हा एक युनिटात सहज तीनच्या आसपास देतो, कारण दोन तो बाहेरून फुकट आणतो.

नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर गेला होता, पण अशी थंडी म्हणजे चार दिवस. तरण्याबांड घराला चार-पाच हजार जास्त देऊन हे घ्यायची गरज नाही, चादर वाढवा. आमच्या आजीसाठी मात्र दुसऱ्या वेळी मी हाच घेतला, कारण ती खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून घ्यायची, अन् बंद खोलीत कोळशाचा जो वायू होतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आता रात्री २२ वर लावतो, पात्या खाली वळवून, कारण गरम हवा वर पळते. आजी म्हणते, "चूल दिसत नाही अन् ऊब येते, हे काही खरं नाही."

लाईनचं काय?

गावात एसीचा खरा दुश्मन ऊन नाही, व्होल्टेज. आमच्या डीपीवर संध्याकाळी १७० च्या खाली जाते. नवीन एसी "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहून येतात, काही मशीन खरंच १५० च्या आसपासही चालतात, पण त्यांची सर्किट प्लेट जळाली की तिचाच खर्च स्टॅबिलायझरच्या दुप्पट-तिप्पट असतो. दीड टनाला ४ केव्हीएचा लावा, लाईन आल्यावर तीन मिनिटं थांबून चालू करणारा. अन् मीटरपासून वेगळी ४ चौरस एमएमची वायर, स्वतःचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका). पंख्याच्या बोर्डातून ओढू नका.

अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगांत हात जातो. मग अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो अन् तार जमिनीत असूनही नसल्यासारखी. दर उन्हाळ्यात आपण कूलरच्या शॉकच्या बातम्या वाचतो त्यातल्या कित्येक घरांत अर्थिंग "होती". एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एक बादली त्या खड्ड्यात ओता, बस.

सोलर लावलं की एसी फुकट, असंही ऐकतो. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी आहे, दिवसाची वीज ग्रीडला देऊन रात्रीच्या एसीचे युनिट वळते करता येतात, बिलाला मोठा फरक पडतो, हे खरं. पण लाईन गेली की हे सोलरही बंद पडते, भर उन्हातही, कारण खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून शॉक लागू नये. लोडशेडिंगवरचा उपाय म्हणून कोणी विकत असेल तर हे विचारा.

"गॅस संपला" ही गोष्ट

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एसी गार करेना. मेकॅनिक आला, हात लावून म्हणाला गॅस संपला. अडीच हजार. पंधरा दिवस बरा चालला, कारण मधे पाऊस येऊन गारवा झाला होता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा अडीच हजार.

तर हे नीट समजून घ्या, गॅस म्हणजे पेट्रोल नाही, जळून संपत नाही. तोच गॅस दहा वर्षं फिरू शकतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे, अन् गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. आर-३२ तर वजन करून भरायचा असतो, किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पट्टीवरच लिहिलेलं असते. मेकॅनिकच्या पिशवीत वजनकाटा नसेल तर चहा पाजून परत पाठवा. अन् नवीन बसवताना पाईपातली हवा काढायला व्हॅक्युम पंप लावतो की नाही ते पहा, थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणारे पुष्कळ आहेत. ती हवा अन् ओल आत राहिली की कॉम्प्रेसर हळूहळू मरतो.

त्याच तिसऱ्या वर्षी मी स्वतःच आउटडोअरच्या मागं गेलो. तो आम्ही लावला होता कोठ्याच्या बाजूला, कारण तिकडं भिंत रिकामी होती. मागची जाळी दिसतच नव्हती. कुटार. दोन हंगामांचं सोयाबीनचं कुटार, थ्रेशर अंगणात लागते तेव्हा उडालेलं, त्यावर कापसाचे तंतू, त्यावर धूळ, सगळं मिळून गोधडीसारखं एकजीव झालेलं. नखानं एक कोपरा उचलला तर आख्खा थर निघून हातात आला. उष्णता जाणार कुठून? मोटर चालू अन् पाईपच्या तोंडाला कोणी पोतं कोंबलेलं. एमसीबी पाडून, मऊ ब्रशनं झाडून, साध्या नळीनं पाणी मारलं, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं नाही, त्यानं पात्या मुडपतात. तासाभरानं लावला तर पहिल्या दिवशीसारखा गार. पाच हजार गेले होते, अन् मी त्या मेकॅनिकला वहीत सहीही करून दिली होती.

आउटडोअर कुठं लावायचा, काय सांभाळायचं

उत्तर किंवा पूर्वेची भिंत, कोठ्यापासून अन् चुलीच्या धुरापासून लांब, मागं हातभर जागा, पुढं मोकळं. बंद गॅलरीत किंवा टिनाखाली कोंबला तर तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो, बाहेर ४४ असले तरी त्याच्यासाठी ५०, म्हणजे हेड तुम्हीच वाढवलं. वर दीड-दोन फुटावर हिरवी नेट बांधली तर चांगलं. काही लोक त्यावर ओलं पोतं टाकतात किंवा पाणी शिंपडतात, थोडा वेळ फायदा होतो, पण बोअरचं पाणी जड असते, जाळीवर पांढरा थर बसतो. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर अजिबात नको, खारट पाण्यानं ॲल्युमिनियमच्या पात्या खाऊन जातात.

आतले फिल्टर हंगामात दर पंधरा दिवसांनी काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. पाच मिनिटांचं काम आहे, आमच्याकडे सातवीतली पोरगी करते.

मेमध्ये ड्रेनच्या नळीतून पाणी येत नाही म्हणून घाबरू नका, हवेतच पाणी नाही तर येईल कुठून, जुलैत बादली भरते. ते पाणी बॅटरीत घालतात काही जण, घालू नका, त्यात जाळीवरची धूळ अन् धातू असतो. कुंडीला घाला.

हिवाळ्यात आउटडोअरला प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल धरते अन् उंदरांना तयार घर मिळते. भिंतीतलं पाईपचं भोक सिमेंटनं बुजवा, नाहीतर उंदीर येतो अन् उंदरामागं जो येतो त्याचं नाव रात्री घेत नाहीत. अन् मार्चमध्ये पहिल्यांदा लावायच्या आधी मेकॅनिककडून आउटडोअरची सर्किट प्लेट उघडून पाहून घ्या. शेजारच्या काकाजींचा एसी गेल्या वर्षी बटण दाबल्याबरोबर ठक्क झाला, प्लेट उघडली तर दोन टोकांमध्ये वाळलेली पाल, पुढचे पाय एका बाजूला, शेपटी दुसऱ्या. साडेसात हजारांची प्लेट. काकाजी अजून विचारतात, "पाल वॉरंटीत बसत नाही का रे?"